द्राक्षावरील डाऊनी : फवारणीची वेळ कशी ठरवावी

गोडी छाटणीनंतरच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतरच्या, पहिल्या पन्नास दिवसांत डाऊनी, म्हणजे केवडा या रोगासाठी खर्च आणि कष्ट भरपूर होतात, तरीही घड जातात. बहुतेक वेळा औषध बरोबर असते आणि मात्राही बरोबर असते. चुकलेली असते ती एक-दोन दिवसांची वेळ. दर चौथ्या दिवशी ठरवून पंप सुरू करणारे आणि डाग दिसल्यावरच बागेत धावणारे असे दोन्ही प्रकारचे बागायतदार याच ठिकाणी अडकतात. म्हणून या लेखात औषधांची जंत्री न देता, फवारणीचा दिवस आणि तास कसा निश्चित करायचा याचा क्रम दिला आहे.

आधी एवढे ध्यानात घ्यावे. डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात. हवामान अनुकूल असेल तर त्यासाठी पान सलग दोन-तीन तास ओले राहिले तरी पुरते. आत शिरल्यावर २० ते २५ अंश तापमानात साधारण चार ते सात दिवस बाहेरून काहीच कळत नाही. मग तेलकट पिवळसर डाग उमटतो. त्यानंतरच्या एखाद्या दमट रात्री, किमान चार तासांचा अंधार आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता मिळाली, की डागाच्या मागे पांढरी बुरशी उगवते आणि तिथून शेजारच्या वेलींवर लागण सुरू होते. आज दिसलेला डाग गेल्या आठवड्यातल्या एखाद्या ओल्या पहाटेचा असतो, हे एकदा मनात बसले की पुढचा सगळा क्रम आपोआप उलगडतो.

टप्पा १ : छाटणीच्या आधी रोगाचा साठा कमी करा

आपल्याकडे वेलीवर वर्षातून दोनदा फूट येते आणि पावसाळ्यातली जुनी पाने गोडी छाटणीपर्यंत बागेत टिकून असतात. या पानांवरची डाऊनी हाच नव्या फुटीवरच्या रोगाचा जवळचा उगम असतो. छाटणीच्या पंधरा दिवस आधी बाग फिरून रोगट पानांचे प्रमाण पाहावे. छाटणीनंतर काड्या व पाने बांधाला लावून न ठेवता बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत किंवा खड्ड्यात पुरावीत.

त्यानंतर डोळे फुटण्यापूर्वी खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या), काड्या आणि वेलीखालची जमीन यांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. १०० लिटरसाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चांगला कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या ड्रममध्ये ५०-५० लिटर पाण्यात तयार करावेत, चुन्याचे पाणी गाळून घ्यावे आणि चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचे पाणी हळूहळू ओतत ढवळावे. ओतण्याचा क्रम उलटा करू नये आणि लोखंडी भांडे वापरू नये.

*तपासणी :* घासून स्वच्छ केलेल्या विळ्याचे पाते मिश्रणात काही क्षण बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला आहे. थर दिसेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

*सावधान :* हे मिश्रण कोवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यावर वापरू नये. पाने करपतात आणि घडाला इजा होते.

टप्पा २ : फवारणी यंत्राचे मोजमाप पावसाआधी करा

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो आणि त्याची किंमत पुढे प्रत्येक फवारणीला मोजावी लागते. रोग पानाच्या खालच्या बाजूने शिरतो. त्यामुळे वरून पान भिजले म्हणजे काम झाले असे होत नाही.

ब्लोअर (ट्रॅक्टरचे पंख्याचे फवारणी यंत्र) जागेवर उभा करून नेहमीच्या दाबावर चालवावा, प्रत्येक नोझलखाली बादली धरून एका मिनिटाचे पाणी मोजावे आणि सर्व नोझलची बेरीज करावी. एखाद्या नोझलचे पाणी इतरांच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त असेल तर ते बदलावे. मग पुढील हिशेब करावा : मिनिटाला पडणारे लिटर गुणिले ६००, भागिले ट्रॅक्टरचा ताशी वेग किलोमीटरमध्ये गुणिले दोन ओळींतील अंतर मीटरमध्ये. उत्तर हेक्टरी लिटरमध्ये येते. नोझलची बेरीज मिनिटाला २० लिटर, वेग ताशी ४ किलोमीटर आणि ओळींतील अंतर ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर असेल, तर हेक्टरी सुमारे १,०९५ लिटर, म्हणजे एकरी ४४० लिटरच्या आसपास पाणी पडते. पूर्ण वाढलेल्या बागेला हे योग्य आहे; पोंग्याच्या (डोळे नुकतेच फुटल्याच्या) अवस्थेत मात्र यातले बहुतेक पाणी जमिनीवर जाईल, म्हणून तेव्हा वरचे नोझल बंद करून पाणी कमी करावे.

*तपासणी :* पाण्याने रंग बदलणारे पिवळे कागद मिळतात. ते घडाजवळच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचणीने लावून साध्या पाण्याची एक फेरी मारावी. कागदावर निळे ठिपके सर्वत्र सारखे दिसले पाहिजेत. कागद पिवळाच राहिला तर औषध बदलण्याआधी नोझलची दिशा आणि ट्रॅक्टरचा वेग बदलावा.

याच वेळी एचटीपी (उच्च दाबाचा) पंप आणि बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेल एवढा लांब पाइप तयार ठेवावा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबतच नव्हता, तेव्हा आमच्या काळ्या जमिनीत वाफसा नसल्याने ट्रॅक्टर चार दिवस आत घालता आला नाही. औषध गोठ्यात पडून होते, फवारणीचा दिवस कळत होता, आणि चाक मात्र बांधावरच अडकले होते. त्या चार दिवसांत खालच्या कोपऱ्यातल्या ओळींचे घड गेले. तेव्हापासून पाइपची लांबी मी छाटणीच्या आधी मोजून ठेवतो आणि मधल्या पट्ट्यांतले गवत मुळापासून न काढता कापून ठेवतो, म्हणजे पावसानंतर चाक लवकर चालते.

टप्पा ३ : नोंदवही आणि लाल दोरा

बागेत एक साधे पर्जन्यमापक आणि सावलीत टांगलेले तापमान-आर्द्रता दाखवणारे यंत्र असावे. रोज सकाळी तीन गोष्टी लिहाव्यात : किती मिलिमीटर पाऊस झाला, पाने किती वाजेपर्यंत ओली राहिली, आणि शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले. हवामान विभागाचा जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यातील पुढील पाच दिवसांचा पावसाचा अंदाज याच वहीत उतरवावा.

दुसरे साधन त्याहून सोपे आहे. फवारणीच्या दिवशी बागेत वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा काड्यांवर, शेंड्याजवळच्या शेवटच्या उघडलेल्या पानाच्या देठाला लाल दोरा बांधावा. चार दिवसांनी दोऱ्याच्या वर किती पाने आली ते मोजावे. जोमदार वाढीच्या काळात दोन-तीन दिवसांत एक नवे पान येते आणि त्या पानावर स्पर्शजन्य, म्हणजे पानावर वरच राहणाऱ्या, औषधाचा कणही नसतो. दोऱ्यावर दोन पाने उघडी दिसली आणि पावसाचा अंदाज असला, तर आधीची फवारणी अजून टिकून आहे असे समजू नये.

टप्पा ४ : वेलीच्या अवस्थेनुसार तयारी ठेवा

खालील दिवस मोघम आहेत. थंडी, जात आणि छाटणीची तारीख यांनुसार ते पुढे-मागे होतात. वेलीकडे पाहून अवस्था ठरवावी.

*पोंगा ते तीन पाने (छाटणीनंतर सुमारे ९ ते १५ दिवस) :* पानांचा पृष्ठभाग फार थोडा असल्याने आंतरप्रवाही (पानात शोषले जाऊन आतून काम करणारे) औषध शोषले जात नाही. या अवस्थेत मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य औषध लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पुरेसे असते.

*पाच पाने ते फुलोऱ्यापूर्वी (सुमारे १६ ते ३५ दिवस) :* हाच खरा धोक्याचा काळ आहे. घड उघडा पडलेला असतो, त्याचा देठ कोवळा असतो, आणि लागण झाली की घड वाकडा होऊन तपकिरी पडतो व वाळतो. पान गेले तर दुसरे येते. घड गेला की त्या काडीचा हंगाम संपतो. या काळात विरळणी आणि फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणे एक दिवसही लांबवू नये, कारण दाट फुटीत पान उशिरा वाळते आणि फवारा आतपर्यंत पोहोचत नाही. क्रम असा असावा : आधी फेलफुटी काढावी, मग फवारणी करावी. पुष्कळ बागांत मजूर मिळेपर्यंत फवारणी उरकली जाते आणि दोन दिवसांनी निम्मे औषध फेलफुटीबरोबर बांधावर जाते.

*फुलोरा (सुमारे ३८ ते ४५ दिवस) :* दहाएक टक्के फुले उघडण्याच्या सुमारास एक पक्की फवारणी पूर्ण करावी, म्हणजे ऐन फुलोऱ्यात गनचा जोरदार मारा करावा लागत नाही. ताम्रयुक्त औषध येथे टाळावे.

*मणी धरल्यानंतर :* पुढील तीन-चार आठवड्यांत मण्यांवरची रंध्रे बंद होत जातात आणि थेट मण्यातून नवी लागण होण्याचा धोका उतरतो. घडाचा देठ आणि पाने मात्र नंतरही बळी पडतात. साखर भरण्यासाठी पाने हवीतच. तरीही या काळात फवारण्यांमधील अंतर वाढवायला हरकत नसते.

कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातील अगाप, म्हणजे लवकर केलेल्या, छाटणीला हीच अवस्था भर पावसाळ्यात येते. तेथे पाच पानांपासून पुढे प्रत्येक दिवस पावसाचाच धरून तयारी ठेवावी लागते.

टप्पा ५ : पावसाच्या आधी, पावसात आणि पावसानंतर

सगळ्या लेखाचा गाभा या टप्प्यात आहे. फवारणीला तीन वेळा असतात आणि प्रत्येक वेळेचे औषध वेगळे असते.

पाऊस येण्याआधी. येत्या २४ ते ४८ तासांत पावसाची शक्यता असेल तर स्पर्शजन्य औषध किंवा मॅन्डिप्रोपामिडसारखे पानाच्या मेणचट थराला चिकटणारे औषध आजच फवारावे. ही फवारणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक असते, कारण बीजाणू पानावर पोहायला लागतो तेव्हा औषध तेथे आधीच हजर असते. औषध वाळायला पाऊस येण्यापूर्वी तीन-चार तास मिळाले पाहिजेत. ढग दाटून आल्यावर पंप सुरू करणे म्हणजे औषध जमिनीला देणे आहे.

पाऊस चालू असताना. स्पर्शजन्य औषधाचा हिशेब मिलिमीटरमध्ये करावा. ढोबळ नियम असा की सुमारे २५ मिलिमीटर पावसात निम्मे औषध धुऊन जाते आणि ५० मिलिमीटरच्या पुढे ते गेलेच असे धरून चालावे. आंतरप्रवाही औषधांना शोषून घेतले जाण्यासाठी बहुधा एक-दोन तासांची उघडीप पुरते. ती मिळाली तर पहिले प्राधान्य घडाच्या पट्ट्याला द्यावे आणि शेंडे नंतर घ्यावेत. उघडीप आहे पण पाने निथळत आहेत, अशा वेळी ब्लोअरचा फक्त पंखा चालवून एक फेरी मारावी किंवा तारा हलवून पाणी झटकावे, आणि मगच औषधाची फेरी सुरू करावी. निथळत्या पानावरचा फवारा थेंबाबरोबर खाली उतरतो.

पावसानंतर. बाग दोन-तीन तासांहून अधिक ओली राहिली आणि पानांवर ताजे औषध नव्हते, तर लागण झालीच असे समजून घड्याळ सुरू करावे. सायमोक्सानिल व मॅन्कोझेबचे मिश्रण, किंवा डायमेथोमॉर्फसोबत मॅन्कोझेब यांसारखी फवारणी शक्यतो २४ तासांत आणि उशिरात उशिरा ४८ तासांत पूर्ण झाली पाहिजे. सायमोक्सानिल आत शिरलेल्या रोगाला मागे जाऊन पकडते, पण त्याचे संरक्षण तीन-चार दिवसच टिकते. म्हणून त्याच्या भरवशावर आठवडाभर निवांत राहू नये. पाऊस परवा झाला असेल आणि फवारणी उद्यावर ढकलली असेल, तर उपचाराची ही वेळ हातातून गेलेली असते.

*नुसते दव किंवा धुके असेल तर :* नोव्हेंबर-डिसेंबरात पाने सकाळी नऊपर्यंत ओली दिसतात. बागेत आणि शेजारी जिवंत डाग नसतील तर दरवेळी आंतरप्रवाही औषध लागत नाही. दोऱ्यावरची नवी पाने मोजून स्पर्शजन्य औषध द्यावे. डाग असतील तर मात्र दवालाही पावसासारखेच वागवावे.

*कोरडे दिवस असतील तर :* थांबावे. आकाश निरभ्र असताना आणि दुपारी आर्द्रता उतरलेली असताना केवळ भीतीपोटी केलेली फवारणी खर्च वाढवते, फळातील औषधाचा उर्वरित अंश वाढवते आणि रोगाला त्या औषधाची सवय लावते.

दिवसातील वेळ : दव वाळल्यापासून अकरापर्यंत, किंवा साडेतीनपासून सूर्य मावळण्याच्या तासभर आधीपर्यंत. पहाटे दवावर मारलेले औषध पातळ होऊन ओघळते आणि भर दुपारी थेंब पानावर पसरण्याआधीच वाळतो.

*सावधान :* भुरी या दुसऱ्या रोगासाठीची गंधक किंवा हेक्झाकोनॅझोल यांसारखी औषधे डाऊनीवर काम करत नाहीत. डाऊनीचा रोगकारक जीव खऱ्या बुरशीच्या गटातलाच नाही. पावसाच्या दिवशी भुरीची फवारणी करून डाऊनीलाही आळा बसला असे समजणे ही नेहमीची चूक आहे.

टप्पा ६ : डाग दिसलाच तर

सर्वप्रथम तो डाऊनीचा जिवंत डाग आहे का याची खात्री करावी. खात्रीशिवाय केलेली धावपळ करप्यावर किंवा औषधाच्या चट्ट्यांवर वाया जाते.

संध्याकाळी तेलकट डाग असलेली पाच-सहा पाने तोडावीत, खालची बाजू वर ठेवून ओल्या कागदावर मांडावीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवावीत. सकाळी पिशवी उघडल्यावर डागाच्या मागे मिठासारखी पांढरी, बारीक केसाळ वाढ दिसली, तर डाग जिवंत आहे. बाहेर उन्हात तोच डाग निरुपद्रवी वाटत असतो. पिशवीतून बाहेर आलेले ते पान एकदा पाहिले की माणूस पुन्हा अंदाजाने बोलत नाही.

पाने कुठून तोडायची, हेही महत्त्वाचे आहे. बागेचा सखल कोपरा, विहिरीकाठच्या किंवा झाडांच्या सावलीतल्या ओळी, आणि जिथे ऊन सर्वांत उशिरा पोहोचते ती बाजू आधी पाहावी. रस्त्यालगतच्या दोन ओळी पाहून बाग स्वच्छ आहे असे ठरवू नये.

डाग जिवंत असेल तर रोगट पाने दुपारी, पाने कोरडी असताना काढावीत, जागच्या जागी पिशवीत भरावीत आणि बागेबाहेर पुरावीत. पहाटे ओल्या पानांत मजूर घालू नयेत. हातांनी आणि कपड्यांनी रोग ओळीओळीने पुढे जातो. त्याच दिवशी आंतरप्रवाही व स्पर्शजन्य औषधांची एकत्र फवारणी करावी आणि पाच ते सात दिवसांनी दुसऱ्या गटाचे औषध घ्यावे.

*तपासणी :* दुसऱ्या फवारणीनंतर पिशवीची चाचणी पुन्हा करावी. डाग तपकिरी व कोरडे असून पांढरी वाढ आली नाही, तर रोग थांबला आहे आणि पुन्हा टप्पा ५ प्रमाणे चालावे. वाढ आली, तर मात्रा वाढवू नये. औषधाचा गट बदलावा आणि टप्पा २ मधील कागदाची चाचणी पुन्हा करावी.

टप्पा ७ : गट आणि काढणीपूर्व काळ

औषध रोगावर कसे काम करते त्यावरून त्याला गटाचा क्रमांक दिलेला असतो. औषधाचे नाव बदलले म्हणजे गट बदलला असे होत नाही. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डिप्रोपामिड ही दोन्ही ४० क्रमांकाच्या एकाच गटात येतात. एकानंतर दुसरे वापरणाऱ्या बागायतदाराला आपण औषध बदलले असे वाटते, परंतु रोगाच्या दृष्टीने ते तेच असते. मेटॅलॅक्झिल गट ४, ॲझॉक्सिस्ट्रॉबिन गट ११, ॲमिसुलब्रोम गट २१ आणि सायमोक्सानिल गट २७ मध्ये येते. नोंदवहीत औषधाच्या नावासमोर हा क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक लागोपाठ दोनदा येऊ देऊ नये. मेटॅलॅक्झिल आणि ॲझॉक्सिस्ट्रॉबिन यांच्या गटांना डाऊनी लवकर दाद देईनाशी होते. त्यामुळे त्यांचा वापर हंगामात एक-दोनदाच आणि तोही स्पर्शजन्य औषधासोबत, रोग दिसण्याआधी करावा.

फोसेटिल ॲल्युमिनियम ताम्रयुक्त औषधात मिसळू नये, पाने करपतात. पूर्वी एकत्र न वापरलेली कोणतीही दोन औषधे टाकीत घालण्याआधी बाटलीभर पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवावीत. साका बसला किंवा दही फुटल्यासारखे झाले तर ती एकत्र फवारू नयेत.

काढणीपूर्व काळाचा, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत राखायच्या दिवसांचा, हिशेब छाटणीच्याच दिवशी मागून पुढे मांडावा. काढणी १३० व्या दिवशी अपेक्षित असेल आणि एखाद्या औषधाच्या लेबलवर ६० दिवसांचा काळ दिला असेल, तर त्या औषधाची शेवटची तारीख छाटणीनंतरचा ७० वा दिवस आहे, आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली असावी. निर्यातीची बाग असेल तर त्या हंगामासाठी प्रसिद्ध झालेली, पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने शिफारस केलेल्या औषधांची यादीच वापरावी आणि मागील वर्षीची यादी वहीतून काढून टाकावी, कारण काढणीपूर्व काळ आणि उर्वरित अंशाच्या मर्यादा बदलत असतात. शेवटच्या तारखेनंतर पाऊस आला, तर यादीत कमी काळाचे जे औषध उरले असेल त्यातूनच निवड करायची आहे, म्हणून असे किमान एक औषध, ज्याचा गट आधी कमीत कमी वापरला आहे, हंगामाच्या सुरुवातीपासून राखून ठेवावे.